डावखुरी गाठ

मनकर्णाबाईंनी तिसऱ्यांदा कोपरापर्यंत साबण चोळला आणि नळ पूर्ण सोडला. मोटारसायकलचा आवाज केव्हाच लांब गेला होता.

म्हैस काल गेली. आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार, ज्यांनी तिच्या तोंडात हात घातला त्यांनी आजच फुलंब्रीच्या दवाखान्यात सुया घ्याव्यात. वेळेवर घेतल्या तर भीती नाही, रोग उठल्यावर मात्र इलाज नाही.

"पंधरा मिनिटं साबणानं हात धू, अन् जीपनं ये," एवढं बोलून तात्यासाहेब निघूनही गेले. बायकोला मागं ठेवून पळणाऱ्या नवऱ्याला मनकर्णाबाईंनी एरवी आठवडाभर सुनावलं असतं. आज त्यांचा जीव धाकट्या दिरापाशी, पुंजारामपाशी अडकला होता.

सोमवारी तात्यासाहेब वैजापूरला गेले आणि इकडं म्हैस लाळ गाळू लागली. घशात काही अडकलंय, असंच कुणालाही वाटलं असतं. मनकर्णाबाईंनी शेजारून दिराला हाक मारली. बाईंनी जबडा धरला, पुंजारामनं हात आत घातला. त्याची बोटं सोलवटली, सापडलं काहीच नाही. आणि पुंजारामनं या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, अशी तात्यासाहेबांची आठ वर्षांची ताकीद! कारण काय, तर पुंजारामनं घरच्या लग्नपत्रिकेत थोरल्या भावाचं नाव खाली छापलं.

त्या पुंजारामच्या दारी धावल्या. दाराला कुलूप होतं. आता नवऱ्याला सांगणंच आलं. काय बोलायचं ते बोलू देत, पण माणूस वाचला पाहिजे. जीपमध्ये त्या मनाशी वाक्यं जुळवत राहिल्या.

दवाखान्याच्या बाकावर एका टोकाला तात्यासाहेब बसले होते, दुसऱ्या टोकाला पुंजाराम. पुंजारामच्या बोटांना पट्टी, दोघांची तोंडं दोन दिशांना.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मनकर्णाबाई कशाबशा म्हणाल्या.

"म्हशीच्या दाव्याला डावखुरी गाठ होती. सोमवारीच बघितली," तात्यासाहेब भिंतीकडं बघत म्हणाले. "आपल्यात डावखुरं दुसरं कोण हाय?"

मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. सिस्टरनं त्यांना स्टुलावर बसवून एका दंडात सुई टोचली.

"अजून तीनदा यायचंय. तिसऱ्या, सातव्या अन् अठ्ठाविसाव्या दिवशी. चुकवायचं नाही."

"शिष्टर, त्याला म्हणावं सकाळी आठला तयार ऱ्हा," तात्यासाहेब म्हणाले.

"शिष्टर, त्यांना म्हणावं गाडीची मागची हवा लई कमी हाय," पुंजाराम म्हणाला.

"मी काय पोस्टमन आहे का? तुमचं तुम्ही बोला."

तात्यासाहेबांनी भिंतीवरची नजर धाकट्याकडं वळवली.

"मग भरायची नाय व्हय रे हवा, पुंजा? पंप तर तुझ्याकडंच हाय."

"भरतो की, दादा."

"मावशी, आता दुसरा दंड," सिस्टर म्हणाली. मनकर्णाबाई हसत हसत पुन्हा पहिलाच दंड पुढं करून बसल्या होत्या.