त्सान्कोचा बावीस मार्च

त्सान्कोनं पस्तीस वर्षं हवामानखात्यात काढली. एवढ्या वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही. चुकायचं ते हवामान. निदान तो तसं सांगायचा. आता रिकाम्या घरात एकट्यासाठी घेवड्याचं सूप ढवळताना त्यालाही ते जरा जास्तच वाटू लागलं होतं.

घर रिकामं झालं ते रजयांपायी. फेब्रुवारीत नेव्हेनानं, त्याच्या बायकोनं, विचारलं होतं, "रजया बाहेर वाळत घालू का?" त्यानं आकाशाकडे न बघताच सांगितलं, "खुशाल घाल." तासाभरात सगळ्या रजया चिंब. "अंदाज बरोबरच होता," तो म्हणाला, "पावसाचं चुकलं." नेव्हेनानं पिशवी भरली आणि प्लोवदिव शहरात मुलीकडे निघून गेली.

एक मार्चला तिनं पाकिटातून वसंताच्या शकुनाचा लाल-पांढरा दोरा पाठवला, दरवर्षी स्वतः त्याच्या मनगटावर बांधायची तसा. हा दोरा आपला आपण बांधू नये म्हणतात. त्सान्कोनं दातांनी गाठ मारली आणि हवामानखात्याचा हा माजी अधिकारी आता दोऱ्यालाही हरतो, असं मनाशी म्हणाला.

मग तिचा फोन आला. "मार्चमधला एक दिवस निवड. तो लख्ख गेला तर परत येते. नाहीतर मी इथंच बरी."

गावात सगळेच असा दिवस निवडतात. मार्च म्हणजे लहरी मार्ता आजी. आपल्या दिवशी ती हसली तर माणूस वर्षभर गोड, रुसली तर खाष्ट. बाकीचे डोळे मिटून बोट ठेवतात. त्सान्कोनं तीस वर्षांच्या वह्या काढल्या, आलेख आखले आणि बावीस तारीख जाहीर केली.

बावीसला सकाळी ऊन असं पडलं की त्यानं इस्त्रीचा शर्ट चढवला आणि अंगणात, फुललेल्या आलुबुखाराखाली खुर्ची टाकून बसला. अकराला डोंगरावर ढग दिसला.

"तो ढग इकडे येतोय की रे," शेजारच्या गिनका काकू कुंपणावरून म्हणाल्या.

"पूर्वेला जाईल, काकू. वाऱ्याची दिशा बघा ना."

"मी ढगाची बघतेय."

बाराला गारा सुरू झाल्या. त्सान्को उठला नाही. पडलो तरी नाक वर, अशी त्याची आयुष्यभराची रीत. आज गारा नेमक्या नाकावरच पडत होत्या. दहा मिनिटांत आलुबुखाराचा निम्मा मोहर त्याच्या मांडीवर आला. त्याला रडूच यायला लागलं, आणि मधेच आपल्या ध्यानाकडे बघून हसू आलं.

"आत ये, मेल्या!" काकू ओरडल्या. "आणि तिला सांगून टाक ऊन होतं म्हणून. तिनं विचारलं तर मीही तेच सांगेन. तिला प्लोवदिवमधून काय दिसतंय?"

मोह झाला. ओल्या शर्टानंच त्यानं फोन लावला.

"कसा गेला दिवस?" नेव्हेनानं विचारलं.

"गारा पडल्या."

तो भराभर बोलायला गेला, की वाऱ्यानं ऐनवेळी दिशा बदलली, वह्यांप्रमाणे तर... आणि थांबला.

"नेव्हेना, माझा अंदाज चुकला."

"काय म्हणालास?"

"चुकला. रजयांचाही चुकला होता."

त्यानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. मनगटावरची दातांची गाठ कधीच सुटली होती. दोरा खाली लोंबत होता.

"तो दोरा कुणी बांधला तुला?" तिनं एकदम विचारलं.

"मीच. नीट नाही बसला."

"ठेव तसाच. मी बांधते आल्यावर." तिचा आवाज ओला झाला होता. "उद्याची बस आपल्या चौकात किती वाजता पोचते?"

दहा वाजून दहा मिनिटं, हे त्सान्कोच्या जिभेवर आलंच होतं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "मी पहाटेपासून उभा राहतो."