गोळ्यांनी आलेलं तारुण्य

"ही गोळी माणसाची आहे की घोड्याची?" धाकटी पुटपुटली आणि मशीनपुढे बसल्या बसल्या घटाघटा पाणी प्यायली.

शेजारच्या मशीनवर थोरली जाऊ उशीचे अभ्रे शिवत होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोघींनी मिळून हे शिलाईचं दुकान चालवायचं, आणि धाकटीच्या जावयानं त्यात व्हिटॅमिनच्या बरण्या आणून ठेवायच्या, असं वर्षभर चाललं होतं. "या गोळ्या घेतल्या की तो आजार उतारवयातल्या बायकांकडे फिरकत नाही," असं तो सांगायचा. आजाराचं नाव मात्र घरात कोणी घ्यायचं नाही. तो आजार म्हणजे जणू दारातलं मांजर, शुक् केलं की पळालं!

मग एके दिवशी, पाळी जाऊन जमाना लोटलेल्या धाकटीला पुन्हा डाग दिसू लागले. लेक घाबरली, पण जावई नुसता फुलला. "बघा गोळ्यांची कमाल! शरीर तरुण होतंय आईंचं." आणि अख्ख्या घरानं माना डोलावल्या. शिकलीसवरली माणसं! थोरली म्हणाली, "हो तर, उद्या दुधाचे दात येतील." सगळे खो खो हसले आणि विषय तिथंच मिटला. थोरलीची जीभ एरवी कात्रीसारखी, पण पुढचा एक शब्द तिच्याही घशातच अडकला होता.

आज जावई नवी बरणी घेऊन आला. "आई, आता सकाळ-संध्याकाळ दोन-दोन."

थोरलीनं मशीन थांबवलं. "जावईबापू, तुमच्या आईला देता का हो या गोळ्या?"

"नाही... ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेत नाही."

"वा! आणि हिचे डॉक्टर कोण? तुम्हीच?"

जावयाला एकाएकी फोनमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

"ऊठ गं," थोरली धाकटीवर खेकसली. "चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"अहो, उष्णता असेल गोळ्यांची..."

"उष्णता म्हणे! चुलीत घाल तुझी उष्णता. डोकं गहाण ठेवलंयस का यांच्याकडे?" थोरलीचा आवाज चिरकला. हातातला अभ्रा तिनं उगाचच चुरगळला.

धाकटीनं तो हळूच सोडवून घेतला, मांडीवर सरळ केला.

"ओरडू नका, जाऊबाई. मला काय कळत नाही? तारुण्य-बिरुण्य काही नाही आलेलं. कॅन्सर असेल मला."