गालाची पट्टी

बाबा गेल्यावर त्यांची एअर रायफल विकायची नाही, आपणच चालवायला शिकायचं, असं मी ठरवलं आणि ती घेऊन नागपूरच्या त्यांच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले. त्यांचे मित्र खुशालकाका आणि ओमप्रकाशकाका तिथे छर्‍यांवरून भांडत होते.

"तुले सोन्याचे छर्रे देले तरी ते भिंतीलेच लागतीन," खुशालकाका म्हणत होते.

मी रायफल खांद्याला लावली. "काका, मला साइटमधून काहीच दिसत नाही."

"कसं दिसीन वं? दस्त्यावरची ही गालाची पट्टी तुह्या बाबाच्या मापाची आहे. खाली करा लागते," खुशालकाका म्हणाले.

ओमप्रकाशकाकांनी पाना काढला, पण स्क्रूला लावला नाही. "त्यानं कोणाले हात लावू देला नाही हिले. राहू देऊ का अशीच? घरी ठेवजो."

बाबांचा गाल टेकायचा तिथलं पॉलिश गेलं होतं. मी तिथे बोट फिरवलं.

"सैल करा, काका."

पट्टी बोटभर खाली आली. मी गाल टेकवला, आणि साइटच्या गोलात समोरचा काळा ठिपका आला.

"आता घाई नको करू," खुशालकाका म्हणाले.