पत्र्याखालचं थिनर

शुभाने बर्फाचा आणखी एक तुकडा फ्लास्कभोवतीच्या पाण्यात सोडला आणि पाऱ्याच्या नळीजवळ डोळा नेला. फ्लास्कमधलं थिनर वीस डिग्रीला आलं होतं. नळीच्या दोन बाजूंत बावीस मिलिमीटरचा फरक. पुरवठादाराच्या कागदावरही हाच आकडा होता.

“मग झालं की,” मालक चंद्रप्रकाशशेठ दारातूनच म्हणाले. “बाष्पदाब जुळला. सेफ्टीच्या रिपोर्टवर सही करून टाका, शुभाबाई. उद्या इन्स्पेक्टर यायचाय.”

मरोळच्या त्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून तिला लागून जेमतेम चार महिने झाले होते. तिने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“शेठ, आपल्याकडे वीस डिग्री कधी असतं?”

शेठ विचारात पडले. “जानेवारीत. पहाटे.”

“आणि पिंपं पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. मे चाललाय.”

तेवढ्यात गोदामाचा अंबादास थर्मामीटर घेऊन वर आला. सकाळी तिनेच तो त्याला शेडमध्ये टांगायला दिला होता.

“तीन वाजताचं बघितलं, मॅडम. एक्केचाळीस.”

शुभाने बर्फाचं पाणी ओतून टाकलं, किटलीतलं गरम पाणी घातलं आणि शेठसाठी स्टूल पुढे सरकवलं. पारा सावकाश चढत गेला. एक्केचाळीस डिग्रीला फरक बासष्टवर येऊन थांबला.

“म्हणजे काय समजायचं?”

“झाकण उघडलं की जवळजवळ तिप्पट वाफ. तिथेच बायका लेबलं लावतात.”

शेठनी चष्मा पुसला, वाकून आकडा स्वतः वाचला आणि जिना उतरून गेले. शुभा फ्लास्क धुवायला लागली. धुऊन झालेला फ्लास्क तिने पुन्हा धुतला.

थोड्या वेळाने खाली गडगडाट झाला. तिने खिडकीतून पाहिलं. इमारतीच्या उत्तरेला, सज्ज्याच्या सावलीत शेठची नवीकोरी मारुती उभी असायची. ती आता भर उन्हात होती. बाह्या सरसावून शेठ आणि अंबादास पहिलं पिंप सावलीकडे लोटत होते.

रिपोर्टवर तिने दोन्ही आकडे लिहून सही केली. खाली शेठनीही केली.

चौथ्या दिवशी ती शेडमध्ये डोकावली. शेवंतीबाई डब्यांवर खळ फासत होती.

“आज गंमतच झाली गं,” शेवंतीबाई म्हणाली. “जेवल्यावर डोळेच मिटेनात. हे थिनर आलं त्याला महिना झाला ना, तेव्हापासून रोज दुपारी डोकं जड, नुसती झोप. मला वाटलं, वय झालं आता.”

“किती वय तुमचं?”

“अडतीस.”

शुभा तिच्या शेजारी गोणपाटावर बसली आणि लेबलांचा अर्धा गठ्ठा आपल्या पुढ्यात ओढला.