भागुबाईंना बांधलं होतं

कानडी मुलखातल्या चिकपेट पेठेत कृष्णातच्या घरी पाहुणे आले, की एक खेळ ठरलेला असे. सत्तरीच्या आईला, भागुबाईंना, तो बैठकीत आणून बसवायचा आणि विचारायचा, "आई, सांग बघू, मी कोण?"

भागुबाई भांबावून जायच्या. कधी "मामा" म्हणायच्या, कधी "मास्तर". पाहुणे पोट धरून हसायचे. साड्यांचं दुकान चालवणारा, चार माणसांत मान असलेला कृष्णात सगळ्यांत मोठ्याने हसायचा!

१९९६ मधल्या एका रविवारी हा खेळ चालू असतानाच भागुबाईंचं लुगडं ओलं झालं. जमखान्यावर ओघळ आला. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले.

"शी! मुद्दाम करते ही!" कृष्णात ओरडला. आईला ओढत त्याने मागच्या खोलीत नेलं आणि तशाच ओल्या लुगड्यात तिचे हात खाटेला बांधून टाकले.

त्याच्या बायकोला, हेमलताला ते पाहवेना. शेजारच्या डॉक्टर सत्यवतीअक्कांना ती बोलावून घेऊन आली. अक्का मेंदूच्या रोगांवर उपचार करत.

"कुणी बांधलं यांना?"

"अक्का, म्हातारपणी सगळेच विसरतात," कृष्णात म्हणाला. "ही स्वल्प जास्तच नाटकं करते."

"वय झालं की मेंदू थोडा आकसतो, सरी, तेवढं बरोबर. मलाही हल्ली नावं पटकन आठवत नाहीत. पण कुणी सुचवलं की आठवतात. तुझ्या आईला सांगूनही आठवत नाही. तपासायला हवं, पण मला हा अल्झायमर वाटतो. त्यात मेंदूच्या पेशी मरत जातात. आधी आजकालच्या गोष्टी पुसल्या जातात, मग माणसं, मग लघवीचं भानही. यात नाटक कुठलं? मला त्या वासाची नाही, तुझी किळस येते, कृष्णात!"

इतक्यात भागुबाई त्याच्याकडे बघून काकुळतीने म्हणाल्या, "मालक, हात सोडा हो. माझा कृष्णात शाळेतून येईल. उपाशी असेल तो."

कृष्णात गाठी सोडायला धावला. गाठी सुटेनात, तेव्हा त्याने त्या दातांनी सोडवल्या. मनगटांवर लाल वळ उठले होते. हे आपण केलं! त्याला स्वतःचीच शिसारी आली. पाणी तापवून त्याने हेमलताच्या मदतीने आईला स्वच्छ केलं.

"कृष्णात आला, आई. जेवलाय तो," तो म्हणाला.

"जेवला? बरं झालं," म्हणत त्या शांत झाल्या.

भागुबाई बऱ्या झाल्या नाहीत. हा आजार बरा होत नाही. पण पुन्हा त्यांना कुणी बांधलं नाही.

वाचकहो, म्हातारपण आणि मेंदूचा आजार यांतला फरक ओळखा. घरातलं माणूस घरच्यांनाच ओळखेनासं झालं, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि किळस करायचीच असेल, तर त्याच्या असहायतेवर हसणाऱ्यांची करा!