बिननावाचं वाडगं

नृसिंहला बिननावाचं भांडं हवं होतं. आता ही काय जगावेगळी मागणी झाली? पण तांबट कमानीजवळच्या झुंबरबाईंना ती इतकी जगावेगळी वाटली की त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली, नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "आवं, हे पावणं म्हणत्यात, भांड्यावर नाव नगं!"

गणपतरावांनी मान डोलावली आणि हसले. म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. पन्नास वर्षं तांब्याच्या पत्र्यावर हातोडा चालवून त्यांचे कान पार गेले होते. हात मात्र शाबूत होते. पत्र्यावरून अंगठा फिरवला की कुठं जाड, कुठं पातळ ते त्यांना कळायचं, आणि ठोका पडायचा तो नेमक्या जागी.

पण हात शाबूत असून उपयोग काय? साल चौऱ्याहत्तर. कोल्हापुरात स्टीलच्या भांड्यांचं असं खूळ शिरलं होतं की बायका माहेरचे हंडे-कळशा मोडीत घालून चकचकीत डबे घरी आणत होत्या. त्या गल्लीतल्या सहा भट्ट्यांपैकी पाच विझल्या होत्या. सहावी गणपतरावांची, तीही आज ना उद्या विझणार हे ठरलेलंच. मुलगा कृष्णात इचलकरंजीत मागावर होता. त्यानं बापासाठी तिथल्या शेडवर राखणदाराची जागा बघून ठेवली होती. तांबटानं दारात काठी घेऊन बसायचं! गणपतराव संध्याकाळी सगळे हातोडे पुसून ओळीनं लावून ठेवत आणि त्यांच्याकडं बघत बसत.

नेमका त्याच वेळी नृसिंह त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. हा मुंबईत वास्तुकला शिकून आलेला तरुण. गावानं त्याला सरसकट 'इंजिनेर' करून टाकलं होतं, आणि तोही आता लोकांची चूक दुरुस्त करायचा नाद सोडून बसला होता. ताराबाई पार्कात श्रेणिक शेटांचा बंगला हे त्याचं पहिलं काम. श्रेणिक शेट कुरुंदवाडकडचे, गुळाचे व्यापारी. बंगला असा की छप्पर सपाट, एक भिंत नुसती काचेची, कुठं कमान नाही, महिरप नाही, छताला वेलबुट्टी नाही. शेटांची आई अक्काताई बांधकाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, "काडेपेटी आडवी ठेवल्यागत दिसतंय की रं!"

त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात काळ्या दगडाचा एक बुटका ओटा होता. त्याच्यावर फक्त एक तांब्याचं वाडगं ठेवायचं, बाकी काही नाही, असं नृसिंहच्या मनात होतं. दीड हात रुंद, हातोड्याचे ठोके अंगावर दिसणारं. काठाला नक्षी नको, मोर नको, आणि नाव तर नकोच नको. श्रेणिक शेटांना कल्पना पसंत पडली. ते म्हणाले, "घरभरणीला मांडा. उठून दिसलं तर स्टेशनजवळच्या आमच्या लॉजसाठी असली वीस करून घेऊ."

वीस वाडगी! म्हणजे गणपतरावांना दीड वर्षाचं काम. इचलकरंजीची काठी दीड वर्ष तरी लांब. नृसिंहनं हे पाटीवर लिहून दाखवलं, तेव्हा गणपतरावांनी ती पाटी दोनदा वाचली आणि ते भट्टी पेटवायला उठले.

आता झुंबरबाईंचं. भांडी घडवायची गणपतरावांनी आणि त्यांवर नाव घालायचं झुंबरबाईंनी, ही त्या घरातली वाटणी. टोकदार छिन्नी, लहानशी हातोडी, टिंबाला टिंब लावत अक्षर उमटायचं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून नाव घातल्याशिवाय एक भांडं बाहेर गेलं नव्हतं.

"बिननावाचं भांडं बेवारशी असतंय, सायेब," त्या म्हणाल्या. "लग्नकार्यात शेजारी गेलं की गेलंच. तुमच्या घरी काय नावं घालत न्हाईत व्हय?"

पत्रा भट्टीत तापत होता. नृसिंहला घाई नव्हती. आणि का कोण जाणे, जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तो त्या माउलीला सांगत बसला.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. वडील, त्र्यंबकराव, नेसरीला मास्तर होते, ते गेले तेव्हा दहाचा. मग शिकायला कोल्हापूर, आणि जेवायला सात वारांची सात घरं. माणसं चांगली होती. त्यांच्या अन्नावर आपण उभे राहिलो हे नृसिंह कधी विसरला नाही, आजही त्यातल्या कुणी हाक मारली तर तो हातातलं काम टाकून धावत जाई. पण प्रत्येक घरी ताटावर नाव असायचं. सोमवारी सौ. कालिंदी, मंगळवारी आणखी कुणी. खाली मान घालून जेवणारा मुलगा दुसरं काय वाचणार? एके दिवशी एका घरचा मुलगा बाहेरून आला आणि ओरडला, "हे माझं ताट आहे!" नाव त्याचंच होतं. काकूंनी, बिचाऱ्यांनी, गडबडीनं ताट उचललं आणि नृसिंहला पत्रावळीवर वाढलं. "भात घे रे आणखी," म्हणाल्या. नृसिंह म्हणाला, "नको, पुरे." पोटात भूक तशीच होती.

"म्हणून म्हटलं, एक तरी भांडं असं करावं की ज्यावर कुणाचंच नाव नाही," नृसिंह हसत म्हणाला. त्याच्या साऱ्या मुंबईच्या शिक्षणाचं मूळ त्या पत्रावळीत होतं, हे त्याचं त्यालाही बोलताना प्रथमच जाणवलं.

झुंबरबाईंनी चहा पुढं केला.

"नको," नृसिंह म्हणाला.

त्यांनी कप काठोकाठ भरला. "नको म्हणणाऱ्याला दोनदा वाढायचं असतंय, सायेब. तुमाला ठावं न्हाई?"

घरभरणीचा दिवस उजाडला. सकाळी गणपतराव आणि झुंबरबाई टांग्यातून वाडगं घेऊन आले. झुंबरबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्यात ते गुंडाळलेलं होतं, तान्ह्या लेकराला आणावं तसं. दोघांनी मिळून ते ओट्यावर ठेवलं आणि लुगडं सोडलं.

काय वाडगं होतं ते! काचेच्या भिंतीतून ऊन आत येत होतं आणि हजारभर ठोक्यांवरून ते खेळत होतं. नृसिंह बघतच राहिला. मग त्याची नजर काठावर गेली. समोरच्या बाजूला, चांगली बोटभर उंचीची टिंबाटिंबांची अक्षरं.

'चि. नृसिंह त्र्यंबक यास. झुंबरबाई व गणपतराव यांजकडून.'

"हे काय केलंत तुम्ही!" नृसिंह ओरडलाच. गणपतराव कौतुक समजून हसले आणि त्यांनी हात जोडले. झुंबरबाईंना मात्र सगळं ऐकू आलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"तुमी नको म्हणालात, तवा मला वाटलं, भिडंपोटी म्हणत्यात," त्या हळू म्हणाल्या. "तुमच्या पायगुणानं भट्टी पेटली. आनि आईबापाविना पोर... म्हटलं, आपन घालावं नाव. आमचं चुकलं, सायेब."

तेवढ्यात श्रेणिक शेट आत आले. त्यांनी वाडगं पाहिलं, नाव पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इंजिनेरसाहेब, घर माझं आणि नाव तुमचं? तासाभरात पाव्हणे येतील. पुसा ते. नाहीतर विसांचं विसरा."

झुंबरबाईंनी नवऱ्याला खुणेनं सांगितलं. गणपतरावांना आता कळलं. त्यांचा हसरा चेहरा विझला. पण कसबी माणूस, पिशवीत हातोडा होताच. त्यांनी तो काढला आणि शेटांना म्हणाले, "धा ठोक्यांत पुसतो, शेट. पत्ता लागायचा न्हाई."

"पुसा वो," झुंबरबाई म्हणाल्या. "काम जाऊ नगं."

खरं तर नृसिंहला काही करायचंच नव्हतं. गप्प उभं राहायचं. दहा ठोके पडले असते, त्याला हवं होतं तसं कोरं वाडगं झालं असतं, शेट खूश, गणपतरावांची भट्टी चालू, त्याचं पहिलं काम निर्वेध पार. पण त्याचे डोळे त्या पहिल्या टिंबाटिंबांच्या अक्षरावरून हलेनात. चिरंजीव. वडील गेल्यावर वीस वर्षांत त्याच्या नावामागं हे कुणी लावलं नव्हतं. लावायला कुणी होतंच कुठं?

गणपतरावांचा हातोडा वर गेला. नृसिंहनं पुढं होऊन नावावर आपला पंजा ठेवला.

"नको," तो म्हणाला. आणि हे नको खरंखुरं होतं. "शेट, आज तुमचा ओटा रिकामा राहील. दुसरं वाडगं मी माझ्या पैशानं करवून देतो. लॉजची कामं देताना मला वगळा, पण यांना वगळू नका. हे भांडं मात्र माझं आहे."

शेट काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "कसला गोंधळ हाय रं?"

अक्काताई! त्यांनी चष्मा चढवला, वाकून बोट फिरवत सगळं नाव मोठ्यानं वाचलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"श्रेणिक, वाचायला येतंय न्हवं तुला? चिरंजीव नृसिंह लिवलंय. मग भांडं कुणाचं? दुसऱ्याच्या नावाचं भांडं आपल्या घरात ठेवून घ्यायचं? आपन काय लग्नघरची ताटं पळवणारी मानसं हाय?"

"तसं नव्हे, अव्वा, पुसून टाकतो म्हणत होते..." शेट आईला म्हणाले.

"नाव पुसायचं? आईनं लेकराला दिलेलं?" अक्काताईंनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. त्या झुंबरबाईंकडं वळल्या. "बाई, तुमचं अक्षर झ्याक हाय. मला असलंच करा, माझ्या नावाचं. ठसठशीत, चष्म्याबिगर दिसू दे."

"अव्वा, ही शोभेची वस्तू आहे. कोरीच..."

"शोभंचीच की! माझं नाव काय वंगाळ दिसतंय? आनि लॉजात बिननावाची ठेवनार तू? शहाना हाईस! महिन्याभरात वीसची वीस गावोगाव जातील. लॉजचं नाव घाला सगळ्यांवर. हाय का तयारी, बाई?"

झुंबरबाईंनी पदरानं डोळे पुसले. "हाय की."

गणपतराव एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. हातोडा अजून हातातच. झुंबरबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्खा बंगला दणाणेल असं ओरडल्या, "एकवीस! एकवीस करायची हाईत!" गणपतरावांनी हातोडा पिशवीत ठेवला, आणि मग तिथंच फरशीवर बसकण मारली.

शेट काय करणार? हसले. आईपुढं त्यांचं कधी चाललं होतं?

रिकामं भांडं द्यायचं नाही म्हणून अक्काताईंनी वाडग्यात गुळाची ढेप ठेवली आणि ते नृसिंहच्या हातात दिलं. ते बाजूला ठेवून तो वाकला, अक्काताईंच्या पाया पडला, मग झुंबरबाईंच्या, मग गणपतरावांच्या. "तुमचे उपकार मी फेडू शकत नाही," तो म्हणाला. गणपतरावांना काही ऐकू आलं नाही, पण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

काळा ओटा त्या दिवशी कोराच राहिला. पाहुणे म्हणाले, काय नवीन पद्धत आहे!

दुपारी पंगत बसली. गणपतराव आणि नृसिंह शेजारी शेजारी. गुळाची ढेप घेतलेलं वाडगं नृसिंहनं मांडीला लावून ठेवलं होतं, जेवता जेवता डावा हात अक्षरांवर. झुंबरबाई पदर खोचून वाढायला उतरल्या होत्या. गव्हाची खीर घेऊन त्या त्याच्यासमोर आल्या, पळी भरली, आणि वाट बघत थांबल्या, आता हा नको म्हणणार म्हणून.

नृसिंहनं मान वर केली.

"वाढा की, आई," तो म्हणाला. "भूक लागलीय."