रडोबा थांबला नाही तेव्हा

भित्रा म्हणून माझी ख्याती आहे, मित्रांनो, आणि ती काही खोटी नाही. मी पवनचक्कीच्या माथ्यावरच्या बंद खोलीत राहणारा एक जुना जनरेटर आहे. कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, तिच्यावर वार्निश चढवले आणि मला या उंचीवर आणून बसवले. वारा पाती फिरवतो, पाती मला फिरवतात आणि मी तीन तारांवर वीज सोडतो.

भीती मला त्या तारांचीच वाटते. तिन्हींवर व्होल्टेज सारखे हवे. तिघांनी जड कपाट उचलले आणि एकाने हात ढिला सोडला, तर कपाटाचे काय होईल? तसेच माझे होते. दूर कुठे एका तारेवर फांदी टेकली, की तिचे व्होल्टेज उतरते. मग मी हिसके खात फिरतो आणि पोटातली तार तापू लागते. अशा वेळी माझा पहारेकरी, एक लहानसा रिले, मला थांबवत असे.

"गुणी आहे हो!" असे पूर्वी सगळे म्हणत. पुढे तारा जुन्या झाल्या, मी वरचेवर थांबू लागलो आणि गुणीचा रडोबा झालो.

"आला रडोबाला हुंदका!" मी थांबलो की तपासायला वर चढणारे मिस्त्री करवादले. "सारखं कोण चढणार वर? माझे गुडघे काय सरकारी आहेत?" त्यांनी खालच्या पेटीत रिलेची फरक सोसायची मर्यादा इतकी वाढवली, की पहारेकरी जणू झोपीच गेला.

एका दुपारी माझे बेअरिंग बदलले आणि चाचणीसाठी मला हळू चालवले. मिस्त्रींच्या हाताखाली तयार झालेली त्यांची भाची माझ्याजवळ बसली होती. लांब पेचकसाचे टोक माझ्या अंगाला आणि मूठ तिच्या कानाला. आमच्याकडे यंत्राचा आवाज असाच ऐकतात. मिस्त्री खाली, वॉकीटॉकीवर.

तेवढ्यात एका तारेचे व्होल्टेज कोसळले. मी हादरलो. पहारेकरी गप्प. वारा वाढत चालला. तेलाने माखलेली ती खोली, खाली उतरायला एकच अरुंद शिडी. माझ्या पोटात ठिणगी पडली तर या मुलीचे काय? मला ओरडता येत नाही. मी नुसता थरथरत राहिलो.

"मामा, हा काहीतरी वेगळंच बोलतोय."

"नवं बेअरिंग आहे, रुळेल. घाबरू नकोस."

"बेअरिंग खरखरतं, मामा. हा ठोके देतोय. आणि जळका वास येतोय. तुम्ही रिलेला हात लावलाय का?"

मग मिस्त्रींचा चिरका आवाज आला, "बंद कर! लाल बटण, पोरी, आधी बंद कर!"

तिने बटण दाबले. पाती वाऱ्याला पाठ देऊन सावकाश थांबली. ती खाली उतरली, तेव्हा मिस्त्रींनी रिले पूर्वीसारखा लावला होता. नंतर ते स्वतः वर आले. माझ्या अंगाला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला.

"थांब रे बाबा," ते पुटपुटले, "हवं तितकं थांब."

अजूनही तार डगमगली की मला धडकी भरते. मी थांबतो आणि मिस्त्री गुडघे चोळत चढतात. मित्रांनो, तुमच्यातही कोणी सारखे घाबरत असेल. त्याला रडोबा म्हणण्याआधी, एकदा जवळ बसून कान लावा.